शिंपीचाचांची पहिली शर्यत

इंदिरानगरातल्या आमच्या शिंपीचाचांना कसलीच घाई नसते. पँटची उंची कमी करायला दिली, तरी "आरामात होईल, ताई" म्हणत ते आठवडा लावतात. बोलतातही तसेच, तोंडातली टाचणी काढून, सावकाश.

यंदा कॉलनीच्या पाच किलोमीटरच्या शर्यतीत मीच आग्रहाने त्यांचं नाव घातलं. साठीच्या माणसाला सोबत म्हणून हळू धावायचं ठरवलं होतं. पहिल्या चौकातच ते मला मागे टाकून दिसेनासे झाले.

मी धापा टाकत पोचले, तेव्हा ते वेळ नोंदवणाऱ्या मुलीशी हुज्जत घालत होते. "बेटा, नीट बघ. इतक्या जल्दी मी येऊच शकत नाही."

तिने तीनदा घड्याळ दाखवलं. मग चाचा फुटपाथवर बसले आणि पाय पसरून, पाहुण्यांकडे बघावं तसे आपल्याच पायांकडे कौतुकाने बघत राहिले.