एका वेळी एकच गोष्ट

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुस्तकांची खोकी बांधत होतो. सांगली सोडून पुण्याला मुलाकडं कायमचं राहायला जायचं ठरलं होतं. सुमनवहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, हे गेले... सकाळी चहा घेता घेता." हातातली सुतळी तशीच धरून मी खोक्यावर बसून राहिलो. त्याला आता महिना उलटून गेला. भेटेल तो माणूस माझा हात हातात घेतो आणि म्हणतो, "मित्राची शेवटची इच्छा पुरी केलीत, सर." ते ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. का होतं, ते सांगायलाच हे लिहायला घेतलं आहे.

आम्ही दोघंही विज्ञानाचे मास्तर. दत्ता माणदेशातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्याची पहिली शाळा जत तालुक्यातल्या एका वस्तीवर होती. मी एकदा मुक्कामाला गेलो होतो तेव्हा तो दुसरीच्या पोरांपुढं मटकीच्या दोन वाट्या घेऊन बसला होता. एक पोरगी ऐटीत सांगत होती की भिजवलेली वाटी घरात ठेवली तर मोड आले, कोरडी पत्र्यावर ठेवली तर नाही आले, म्हणजे पाण्यानंच मोड येतात. "आन् सावलीनं कशावरनं न्हाई?" दत्तानं विचारलं. पोरगी म्हणाली, "आई म्हणती पाण्यानं." "आई खरंच म्हणत आसंल, पण आपून बघूया की. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोनी वाट्या घरात ठिवू, एकीतच पाणी घालू." हे एवढं एक वाक्य त्यानं जन्मभर शिकवलं. बाकी सगळा अभ्यासक्रम त्याच्या मागनं यायचा, कधी कधी यायचाच नाही, आणि मुख्याध्यापक त्याच्या नावानं खडे फोडायचे.

पुढं साताऱ्यात आम्ही एकाच हायस्कूलला आलो. माझा खाक्या वेगळा. मी आधी निष्कर्ष फळ्यावर लिहून द्यायचो, पोरं तो प्रयोगवहीत सुंदर अक्षरात उतरवायची आणि मग वेळ उरला तर प्रयोग. "गड्या, लगीन लागायच्या आधीच बारसं करतुयास की," दत्ता म्हणायचा. मी चिडायचो. माझी पोरं मार्क आणायची, त्याची पोरं लंबक हातात घेऊन भांडत बसायची... दोरी लांब केली म्हणून झोका रेंगाळला, की दगड जड घेतला म्हणून? एकानं गाइडमधलं उत्तर तोंडावर फेकलं तर दत्ता शांतपणे म्हणायचा, "गाइडवाल्याकडं दोरी हाय, तुज्याकडंबी हाय. कर आन् दाव." नववीची पोरं दहा मिनिटांत दमायची. लहानांपेक्षा त्यांना शिकवणं अवघड, कारण त्यांना चुकायची लाज वाटायला लागलेली असते, असं त्याचं मत होतं.

निवृत्तीनंतर दोघंही सांगलीत आलो आणि त्यानं घराच्या पडवीत रविवारचा वर्ग काढला. वयाची अट नाही. तिसरीतली चिमुरडी, दहावीच्या मुली, कुपवाडच्या कारखान्यांतली माणसं, सगळी एका सतरंजीवर. त्यातला मोहन हा लेथवर काम करणारा. तो एकदा तणतणत आला, "त्या पंपावरचं पेट्रोल भेसळीचं हाय सर, गाडी ॲव्हरेजच देईना." दत्तानं खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की त्याच महिन्यात गड्यानं टायरही बदललं होतं आणि बायकोला रोज मागं बसवून कामावर सोडायला लागला होता. "पंप, टायर आन् बायको. तिघांतलं गुन्हेगार कोण, ते आता एकेकाला बदलून बघ," दत्ता म्हणाला. "बायको तेवढी बदलू नगं." पडवी हसून हसून लोळली. नंतर मला म्हणाला, "ही थोरली माणसं लय अवघड रं. त्यांना उत्तर आधीच ठावं असतंय." तेव्हा तो मोहनबद्दल बोलतोय असंच मी धरून चाललो.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवले. कावळे समोरच्या झाडावर होते, पण एकही खाली येईना. धाकट्या भावानं सांगितलं, वहिनीला अंतर देणार नाही. मुलगी रडत म्हणाली, आईला मी सांभाळीन. कावळा ढिम्म. ऊन चढलं, लोक पिंडाभोवती दाटीवाटीनं उभे, कुजबुज सुरू झाली. मग मोहनच म्हणाला, "सर, तुमी बोला. सरांचा जीव वर्गात असणार." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. घरी खोकी बांधून तयार होती, टेम्पो सांगून ठेवला होता. तरी मी पुढं झालो, हात जोडले आणि मोठ्यांदा म्हणालो, "दत्ता, तुझा रविवारचा वर्ग मी चालवीन." मनात फक्त एवढंच होतं की हे एकदाचं आटपू दे, घरी जाऊ दे. आणि कावळा आला. आला, शिवला, गेला. बायाबापड्यांनी डोळे पुसले. ज्या माणसानं पुराव्याशिवाय एक शब्द कुणाला बोलू दिला नाही, त्याच्या पिंडापुढं मी धडधडीत खोटं बोललो होतो, आणि ते खोटं गावभर चमत्कार म्हणून फिरत होतं.

टेम्पो मी पुढं ढकलला, रद्द केला नाही. पुढच्या रविवारी पडवीत गेलो तो निरोप घ्यायला. वहिनी कोपऱ्यात शेंगा सोलत बसल्या होत्या. दहावीतली एक मुलगी उभी राहिली. "सर, कावळा तुमच्या शब्दामुळं शिवला म्हणत्यात. खरं हाय?" वहिनींसमोर काय बोलू? त्या बिचारीला तेवढाच आधार असेल, तो काढून घ्यायचा? पण सतरंजीवरची ती सगळी तोंडं बघून मला राहवेना. "नाही," मी म्हणालो. "मला ठाऊक नाही, आणि तो शब्द मी मनापासून दिलाच नव्हता. मी पुण्याला चाललोय." वहिनींकडं बघायची माझी छाती होईना.

"भावजी," वहिनीच बोलल्या. आवाज नेहमीसारखाच. "तुम्ही हात जोडून डोळे मिटले, तेव्हा मी सगळ्यांना खुणेनं मागं सारलं. कवापासनं बघत होते, माणसं पार पिंडाला चिकटून उभी. एवढ्या गर्दीत कावळा उतरेल कसा? आता तो गर्दी हटली म्हणून आला का तुमच्या शब्दानं, कोण सांगणार? दोन गोष्टी एकदम बदलल्या. ह्यांना अजिबात चाललं नसतं." त्यांनी शेंगांची टरफलं सुपाच्या कडेला लोटली. "मी कुणाला काही बोलले नाही, कारण मला वाटलं तुम्ही वर्ग घ्याल."

इतके दिवस मी त्यांच्या श्रद्धेला जपत होतो, आणि त्या मला जपत होत्या... शरमेनं मान वर होईना. चूक कबूल केली म्हणजे सुटलो, असं मनात कुठंतरी धरून आलो होतो, तेही गळून पडलं. सगळे माझ्याकडं बघत होते. वहिनींनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "मग वर्ग घेणार का नाही, ते आता सांगा. इथं कावळा नाही."

घाटावर पटकन सुटलेला तोच शब्द या वेळी तोंडातून निघायला फार वेळ लागला.