पुढे सरकवलेलं ताट

आमच्या घरात "हो" म्हणण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं "हो" बाहेर पडलेलं असतं. बायको म्हणते, तुमचं "हो" ऐकलं की ते काम दुसऱ्या कोणाला सांगायचं याचा मी विचार सुरू करते. ताईचं नेमकं उलट. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. नवऱ्याबरोबर उज्जैनजवळच्या भैरवगढला बाटिक छपाईचा, म्हणजे मेण लावून कापड रंगवण्याचा, कारखाना चालवते. तिला काहीही सांगा, पहिलं उत्तर "नाही, मला जमणार नाही." तासाभरानं ते काम तिनं करून टाकलेलं असतं, आणि वर ती आपल्यावरच चिडलेली असते.

आम्ही मराठी ख्रिस्ती. आजोबा नगर जिल्ह्यातून रेल्वेच्या नोकरीसाठी उज्जैनला आले, पप्पाही रेल्वेतच लागले आणि इथेच रिटायर झाले. चर्चमध्ये सगळं हिंदीत चालतं, पण घरातली संध्याकाळची प्रार्थना मराठीतच व्हायची, हा पप्पांचा नियम. सतरंजी अंथरायची, एकानं शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, भाग वाचायचा आणि मग पप्पा त्यावर प्रश्न विचारायचे. त्यांची आवडती गोष्ट दोन मुलांची. बाप एका मुलाला म्हणतो, जा, द्राक्षमळ्यात काम कर. तो म्हणतो, नाही जात. मग त्याला वाईट वाटतं आणि तो जातो. बाप दुसऱ्याला तेच सांगतो. तो म्हणतो, हो, जातो ना. आणि जात नाही.

"दोघांतल्या कोणी बापाचं ऐकलं?" येशूनं लोकांना विचारलेला प्रश्न पप्पा आम्हाला विचारायचे.

ताई ताबडतोब माझ्याकडे बोट दाखवायची. "हा दुसरा. काल दळण आणतो म्हणाला होता."

मी लहानपणापासूनच कृपेच्या बाजूचा. तारण म्हणजे पापातून सुटका, आणि ती देव फुकट देतो, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. "पप्पा, तारण कृपेनं मिळतं ना? आपण काही न करता?"

"हो."

"मग दळणाचं एवढं काय?"

पप्पा मनापासून हसायचे. मला वाटायचं मी जिंकलो. दळण आणायला ताई गेलेली असायची.

मागच्या वर्षी पप्पा घरात पडले आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, वॉकर आला. आई गेल्यापासून ते माधव नगरच्या घरात एकटेच राहत. स्वयंपाकाला एक बाई यायच्या. मी म्हटलं, आमच्याकडे चला. म्हणाले, "तुझ्याकडे? तिसऱ्या मजल्यावर? एकदा चढलो की मग पुनरुत्थानाच्या दिवशीच उतरेन."

त्यांना एकच गोष्ट हवी होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. येशूनं मरणाआधी शिष्यांना दिली तशी भाकर, म्हणजे एक बारीकसा तुकडा, आणि इवल्याशा पेल्यात द्राक्षरस. ताट बाकावरून फिरतं. आपण घ्यायचं आणि शेजारच्याकडे द्यायचं. आजाऱ्यांसाठी चर्चचे पाळक साहेब त्याचाच लहानसा डबा घेऊन घरी जातात. आमच्या घरीही आले होते. पप्पांनी त्यांना चहा पाजला आणि डबा तसाच परत पाठवला. "मी आजारी नाही, साहेब. नुसता हळू झालोय." त्यांना ते आपल्या बाकावर बसून, सगळ्यांबरोबर घ्यायचं होतं. नेणारा कोणीतरी हवा होता, कारण रिक्षात चढताना आणि चर्चच्या पायऱ्यांवर धरायला लागायचं.

"पुढच्या पहिल्या रविवारी न्यायला येतो. पक्का," मी म्हणालो.

त्या रविवारी सासरची मंडळी अचानक आली. त्याच्या पुढच्या महिन्यात मला दुपारी बारा वाजता आठवलं. तेव्हा मी केसांना कलप लावून बसलो होतो. दोन्ही वेळा पप्पांनी संध्याकाळी फोनवर, जेवलास का, एवढंच विचारलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

तिसऱ्या महिन्यात पाळक साहेबांनी मला विचारलं, पहिल्या रविवारी संदेश, म्हणजे उपासनेतलं प्रवचन, तुम्ही द्याल का? विषय, आज्ञापालन आणि तारण. मी काय म्हणालो असेन ते सांगायला नको. आठ दिवस मी त्या विषयानं झपाटून गेलो. वचनं काढली, तीन मुद्दे लिहिले, आरशासमोर पाठ केले. रोज संध्याकाळी पप्पांना फोन करून कुठल्या ना कुठल्या वचनाचा अर्थ विचारायचो. ते इतके खूश होते!

"आता रविवारी ऐकतोच तुझं."

"हो पप्पा. साडेआठला येतो. तयार राहा."

पप्पांना माझा अनुभव असल्यानं त्यांनी ताईलाही विचारून ठेवलं होतं. ती म्हणाली, "मला नाही जमणार. चादरींची ऑर्डर आहे, मेण तापवलेलं असेल, माणसं कामावर असतील. तुमच्या संत पुत्राला सांगा."

रविवारी मी साडेसातलाच निघालो. देवास गेटला पोहे-जिलबी खायला थांबलो आणि उभ्या उभ्या पहिला मुद्दा म्हणून पाहिला. पोहेवाल्याला वाटलं मी त्याच्याशी बोलतोय. "सेव और डालूँ, भैया?" मी म्हटलं, हो. तिथून तसाच चर्चमध्ये गेलो. माईक बघितला, कागद लावले, आणि संदेश देणाऱ्याचाच फोन वाजायला नको म्हणून मोबाईल बंद करून ठेवला. पप्पांना आणायचं होतं हे माझ्या डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं. डोक्यात आज्ञापालनच इतकं भरलं होतं की दुसऱ्या कशाला जागा नव्हती.

तिकडे पप्पा साडेआठ वाजता पांढरा शर्ट आणि टाय घालून व्हरांड्यात बसले होते. पावणेदहाला त्यांनी ताईला फोन केला.

इकडे मी बरं बोलत होतो, हे मी कबूल केलं पाहिजे. नुसतं प्रभू, प्रभू म्हणून भागत नाही. बापाच्या इच्छेप्रमाणे करतो तोच खरा. लोक माना डोलवत होते. मग मी दोन मुलांच्या गोष्टीवर आलो. पहिल्याचं सांगून झालं. दुसऱ्याचं सुरू करणार तेवढ्यात मागचं दार उघडलं. ताई. साडी खोचलेली, दोन्ही हात मनगटापर्यंत निळे. तिनं दंडाला धरलेले पप्पा. वॉकरचा टक टक आवाज करत ते आपल्या बाकापर्यंत आले. सगळं चर्च वळून बघत होतं.

पुलपिटाला, म्हणजे संदेश देतात त्या उंच चौथऱ्याला, चार पायऱ्या आहेत. मी त्या उतरून गेलो असतो आणि म्हणालो असतो, पप्पा, मी विसरलो, मला माफ करा, तर त्यापेक्षा चांगला संदेश त्या चर्चमध्ये कोणी दिला नसता. आणि हे मला नंतर सुचलं असं नाही. तेव्हाच, तिथेच सुचलं होतं. पण तिसरा मुद्दा राहिला होता, आणि तो मला सगळ्यात जास्त आवडायचा. मी म्हणालो, "और दूसरे बेटे ने कहा, जी हाँ, जाता हूँ..." आणि पुढे गेलो.

मग पाळक साहेबांनी प्रभुभोजन सुरू केलं. ते नेहमी सांगतात तसं सांगितलं: आधी स्वतःला तपासा, कोणाबद्दल मनात काही असेल तर ते बाजूला करा, मग घ्या. ताट फिरायला लागलं. मी समोरच्या खुर्चीवर होतो, तिथून मला दिसत होतं. पप्पांनी ताट हातात घेतलं. बराच वेळ धरून ठेवलं. आणि काही न घेता ताईकडे सरकवलं. ताई त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, हात थरथरत असेल.

उपासना सुटल्यावर लोक मला भेटत होते. एक म्हाताऱ्या बाई पप्पांना म्हणाल्या, "क्या बेटा पाया है, भाई साहब! इतना अच्छा बोला, और आपको भी साथ लेके आया."

"जी," पप्पा म्हणाले. "मेरा ही है."

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी त्या बाईंना नमस्कार केला.

दुपारी माधव नगरला जेवायला बसलो. मी विचारलं, "पप्पा, तुम्ही का नाही घेतलं?"

"मनात राग होता."

"कोणाचा?"

"पोहेवाल्याचा," ताई म्हणाली. माझ्या शर्टावर पिवळा डाग होता.

"तुझा," पप्पा म्हणाले. "सव्वा तास बसलो होतो, टाय घालून. शास्त्र सांगतं, भावाशी बिनसलं असेल तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. आता तू वर, मी खाली. समेट कसा करणार?"

"मला माफ करा ना, पप्पा."

"केलं. मघाशी वरण वाढत होतास ना, तेव्हाच केलं. पण सकाळी केलं नव्हतं. मग सकाळी तो तुकडा घेतला असता तर ते खोटं झालं असतं."

"पण त्यानं काय तुमचं तारण अडणार होतं?"

"नाही रे. तारण झालंय म्हणून तर त्याचं ऐकावंसं वाटतं. तारण मिळवण्यासाठी ऐकत असतो, तर देवाशी घासाघीस केली असती, की एवढ्याशा रागाला चालतं का म्हणून." ते पाणी प्यायले. "तुझा तिसरा मुद्दा काय होता? मला नीट ऐकू आला नाही."

"की आपण पहिल्या मुलासारखं व्हावं."

"पहिला तरी कुठे धड आहे? बापाच्या तोंडावर नाही म्हणाला." ताईनं ताटातून मान वर केली. "हो म्हणून खरंच जाणारा मुलगा त्या गोष्टीत नाहीच. तो गोष्ट सांगतोय. बापाचं ऐकत ऐकत तो क्रुसापर्यंत गेला. आपलं तारण त्याच्या ऐकण्यानं झालं, तुझ्यामाझ्या नाही. आपण उगाच या दोघांत पहिला नंबर कोणाचा ते बघत बसतो."

"हे तुम्ही मला फोनवर का नाही सांगितलं?"

"तू विचारलं नाहीस. तू वचनांचे नंबर विचारत होतास."

मी म्हणालो, पुढच्या महिन्यात मात्र पक्का. पप्पांनी हात वर केला. "हो म्हणू नकोस. नुसता ये."

पुढच्या पहिल्या रविवारी मी बरोब्बर साडेआठला पोहोचलो. हॉस्पिटलमध्ये. अकरा दिवसांपूर्वी पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला होता. वाचा गेली होती, गिळता येत नव्हतं, नाकातून नळी होती. उपासना आटोपून पाळक साहेब तो लहानसा डबा घेऊन आले. नर्स म्हणाली, तोंडातून काहीही द्यायचं नाही, थेंबसुद्धा नाही. साहेबांनी तुकडा पप्पांच्या डोळ्यांसमोर धरला, प्रार्थना केली आणि डबा मिटला. पप्पांचे डोळे उघडे होते. ते तुकड्याकडे बघत होते की त्यामागच्या खिडकीकडे, ते मला सांगता येणार नाही. साहेब म्हणाले, त्यांनी मनानं घेतलं असेल. मी पण लोकांना तसंच सांगतो. चार दिवसांनी पप्पा गेले.

त्यानंतर मी आणि ताई पप्पांच्या बाकावर बसायला लागलो. पहिल्या महिन्यात ताट आलं ते मी न घेता तिच्याकडे दिलं. दुसऱ्या महिन्यातही. तिसऱ्या महिन्यात तिनं कोपरानं ढोसलं. "घे ना आता. पप्पांनी वरण वाढतानाच माफ केलं होतं."

"आणि तू?" मी हळूच विचारलं.

तिनं माझ्या हातातून ताट घेतलं, त्याच्याकडे बघितलं आणि पलीकडे सरकवलं. "मला नाही जमलं अजून," ती म्हणाली.

मी तासभर वाट बघितली. मग दोन दिवस. या वेळी तिचं "नाही" बदललं नाही.

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी भैरवगढला गेलो. येतो म्हणून फोन केला नव्हता. ती टेबलावर कापड ताणून त्यावर मेणाचा कुंचला फिरवत होती. मी उभ्यानंच सांगितलं, की मी विसरलो हे तर तुला ठाऊकच आहे. पण तुम्ही आत आलात तेव्हा मला खाली उतरावंसं वाटलं होतं आणि मी उतरलो नाही. हे मी पप्पांना सांगितलं नव्हतं, कोणालाच सांगितलं नव्हतं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तू आमच्याकडे बघितलंस. मग कागदाकडे बघितलंस. पप्पांनीही बघितलं ते." तिनं कुंचला मेणात बुडवला. "रिक्षात त्यांचा राग उतरला होता रे. मी हसवत हसवत आणलं होतं त्यांना. विसरभोळा आहे गधा, म्हणत होते. राग आला तो तिथे बसल्यावर."

"मग त्यांनी सव्वा तासाचं का सांगितलं?"

"सव्वा तास बसले होतेच की," ताई म्हणाली. "तुला तेवढंच झेपेल, असं वाटलं असेल त्यांना."