उंबरठ्यावरच्या बाई

उंबरठ्यावर बसू नये, हे आमच्याकडे पोरीला नीट चालता येण्याआधीच शिकवतात. बाई नेमक्या तिथेच बसत. जळगावात आमच्या शाळेच्या मागच्या अंगाला एका खोलीत बालवाडी भरे. तिच्या उंबरठ्यावर बाईंचा एक पाय आत, एक बाहेर, आणि मांडीवर हजेरीचं पुस्तक. पोरांना सोडायला आलेल्या आया नाकं मुरडत. एकीनं तर अपशकुन होतो म्हणून तोंडावर सांगितलं. बाई म्हणाल्या, "झाला तर मला होईल, तुमच्या पोराला नाही." आम्ही मुली त्यांना उंबरठाबाई म्हणत असू, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

अकरावी-बारावीच्या मुलींना बालवाडी चालवायला शिकवणारा अभ्यासक्रम तेव्हा नवाच सुरू झाला होता, आणि तो बाईच शिकवत. मला सायन्सला जायचं होतं, मार्कही होते. पण सायन्सच्या वर्गात मुलगे. माझे वडील, आबा, आमच्या गावाहून, असोद्याहून, एकदाच चौकशीला आले, शाळेच्या पायरीवर पानाची पिचकारी टाकली आणि निकाल दिला, "अठी पोरीच पोरी हायेत, शिकवनारीबी बाईच. आजून काय पाह्यजे?" झालं. सोळाव्या वर्षी मी टाळ्या पिटत बडबडगीतं म्हणायला आणि केळीच्या खोडाच्या सोपटाच्या होड्या करायला बसले. सकाळी एस.टी.नं यायचं, संध्याकाळी एस.टी.नं जायचं, आणि मधे ही तुरुंगवारी. मला त्या होड्यांचा, त्या गाण्यांचा आणि बाईंचा मनापासून राग येई.

बाईंच्या बालवाडीच्या दाराला कडी लावायची नाही, हा नियम होता. "बंद दार दिसलं की पोर दाराकडेच बघतं. उघडं असलं की खेळाकडे बघतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एखादं पोर उठून दाराशी आलंच, तर बाई त्याला धरत नसत. थोडं सरकून शेजारी जागा देत. ते घटकाभर रस्त्यावरची बकरी बघे, आणि कंटाळून आपणहून आत जाई. आम्ही यावर परीक्षेत टीपसुद्धा लिहिली. मला दहापैकी आठ मिळाले. समजलं मात्र काही नव्हतं.

त्यांची दुसरी खोड घड्याळाची. साडेपाच वाजले की हातातला खडू ठेवून त्या निघत, मग वाक्य अर्धं राहिलं तरी बेहत्तर. "बाईंचं दूध उतू चाललं," आम्ही खिदळत असू. एवढी पोरांना मोकळं सोडणारी बाई स्वतः मात्र घाण्याला जुंपल्यासारखी वेळेवर का पळते, हे आम्ही कधी विचारलं नाही.

एकदा बाईंना ऑफिसात बोलावणं आलं आणि अठरा पोरं माझ्या एकटीच्या गळ्यात पडली. टेलरचा राजू सारखा दाराकडे पळे. दोनदा आणला, तीनदा आणला. चौथ्यांदा मी सरळ कडी घातली. राजू दारावर डोकं आपटून रडला, तिथंच चड्डी ओली केली आणि मग एकदम गप्प झाला. ते गप्प होणं अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. बाई परत आल्या, त्यांनी कडी काढायला लावली, राजूला उचलला आणि त्याची पाठ चोळत मला हळूच म्हणाल्या, "तुला कोंडलंय, म्हणून तू त्याला कोंडलंस होय?"

मी तिथंच हमसून हमसून रडले. त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी राजू आला नाही, तेव्हा मलाच त्याच्या घरी पाठवलं. "त्याला आणायचं नाही. नुसतं त्याच्याजवळ बसायचं." चार दिवस मी टेलरच्या दुकानात चिंध्यांच्या ढिगाशेजारी बसले. पाचव्या दिवशी राजूनं माझं बोट धरलं आणि चालू लागला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, हे काम आपल्याला येतं. आणि हे आपलं आहे.

आणि नेमकं तेव्हाच माझं लग्न ठरलं. बारावीचं प्रात्यक्षिक लग्नाच्या आधीच्या आठवड्यात होतं. आबा म्हणाले, परीक्षा कशाला? माझं शाळेत जाणं बंद झालं. प्रात्यक्षिक बुडलं की सर्टिफिकेट बुडालं, आणि माझ्या हातात दुसरं काहीच नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी बाई असोद्याला आल्या आणि आमच्या घराच्या उंबरठ्यावर बसल्या. आबा शेतात गेलेले. आईनं पाट मांडला, चहा केला, पण बाई हलेनात. "आत आले की चहा पाजून बोळवण कराल. मी इथंच बरी." आबा आले तेव्हा दिवेलागण झाली होती. आई रडकुंडीला येऊन म्हणाली, "लक्षुमी यायाची येळ झाली व माय, उठा ना!" बाई म्हणाल्या, "लक्ष्मीला कोण अडवतंय? पोरीला परीक्षेला जाऊ द्या, मी उठते."

गल्ली जमली. आबांनी टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. "देऊं दे परीक्षा. लगीन काही पुढं जायाचं नही."

बाई लगेच उठल्या. मी त्यांच्यामागे बस थांब्यापर्यंत गेले आणि चिडून विचारलं, लग्नाचं का नाही बोललात? त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "ते मिळणार नव्हतं गं. मिळणार होतं तेवढं मागितलं."

परीक्षेच्या दिवशी शाळेतल्या शिपाई मावशींकडून कळलं. बाई तरुणपणीच सासरहून परत आलेल्या, भावाच्या घरी राहायच्या. त्या घराला सातला कडी लागे आणि मग ती कुणासाठी निघत नसे. असोद्याहून परतल्या त्या रात्री बाई मावशींच्या खोलीत झोपल्या होत्या. उशीर होणार हे त्यांना आमच्या उंबरठ्यावर बसतानाच ठाऊक होतं.

धुळ्याला सासरी माझं सर्टिफिकेट सात वर्षं ट्रंकेत शालूखाली राहिलं. बाहेर पडायची सोय नव्हती, म्हणून शेवटी मी पोरांनाच घरात आणलं. कामाला जाणाऱ्या बायांची दहा-बारा पोरं पुढच्या खोलीत दिवसभर असत. पहिल्या दिवशी मी त्या दाराची कडी काढून टाकली आणि उंबरठ्यावर बसले. सासूबाई ओरडल्या, "उठ व माय, बठ्ठी गल्ली देखी ऱ्हायनी!" सगळी गल्ली बघतेय तर बघू दे, मी उठले नाही. हळूहळू त्यांनी ओरडायचं सोडलं.

रिटायर झाल्यावर बाई एकदाच आल्या. पार वाळल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, आत या." म्हणाल्या, "आत कशाला? सरक जरा." दोघी उंबरठ्यावर बसलो. पोरं आमच्या मधून येत-जात होती. साडेतीन वाजले तशा त्या घड्याळाकडे बघू लागल्या.

"आज राहा ना. आता तर शाळाही नाही."

"नाही गं. सातला कडी लागते."

मी त्यांना स्टँडवर पोचवायला उठू लागले, तर त्यांनी खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

"तू उठू नकोस. दार उघडं आहे."