रगत दाव

ही गोष्ट मी मंचावरून पुष्कळदा सांगितली. टाळ्या घेतल्या. पण खरी एकदाही सांगितली नाही. इतकी वर्षं टाळत आलो. आता जिना चढताना दम लागतो, आणि खोटं सोबत घेऊन सरणावर जायचं नाही, म्हणून लिहितो.

मंचावर मी असं सांगायचो, की माझा बाप पोतराज होता आणि गावच्या मालकानं भर चौकात त्याला कोरड्यानं रक्त निघेपर्यंत मारलं.

मालकानं मारलं नव्हतं. मी मारलं होतं.

आषाढ होता, मरीआईचा महिना. बाप चावडीपुढं नाचत होता. कमरेला चिंध्यांचा घागरा, पायात घुंगरं, पाठीवर मोकळी जट. आईच्या डोक्यावर देवीचा देव्हारा, कमरेला ढोलकं. ती काठी घासायची आणि ढोलकं घुमायचं. मी बापाच्या मागं. थोरला म्हणून मलाही देवीला सोडलेलं. माझ्या डोक्याला वस्तरा कधी लागला नव्हता.

कोरडा म्हणजे पिळलेला जाड दोर, शेंड्याला निमुळता. बघणाऱ्याला वाटतं, माणूस स्वतःला फोडून काढतोय. तसं नसतं. ऐन वेळी मनगट मागं ओढायचं. आवाज हवेत फुटतो, अंगाला नुसतं शेपूट चाटून जातं. ही आमची विद्या. गावाला ती ठाऊक होती, आणि ठाऊक नाही असं गाव दाखवत होतं. दोघांचंही त्यात भागत होतं.

त्या वर्षी मालकाची जनावरं रोगानं मेली. मालक चावडीच्या पायरीवर बसला होता. त्यानं हात वर केला. बाप थांबला.

"आवाज खोटा हाय तुझा," मालक म्हणाला. "खोट्या मारानं देवी कोपली. माझी बैलं तुझ्यामुळं गेली. रगत दाव."

"मालक, आईच्या नावानं मारतूय की..."

"रगत दाव म्हनलं ना, भडव्या."

बापानं जोरात मारला. पण हाताची सवय. मनगट मागं आलंच. मालक हसला, तसा सगळा चौक हसला.

"मनगट चोर हाय ह्याचं. कोरडा पोराच्या हातात दे. आन् ए पोरा, तू मनगट वढलंस, तर त्योच कोरडा तुझ्या आईच्या पाठीवर. समजलं?" मग आईकडं बघून, "तू वाजीव गं. थांबायचं न्हाय."

पहिला फटका मी चोरला. मालक उठला, त्यानं आईचा पदर धरला आणि तिला पुढं ओढलं. देव्हारा डोक्यावरून पडला. देवी धुळीत. आई एका हातानं देवी गोळा करत होती, दुसऱ्या हातानं काठी घासत होती.

मग मी मारलं. सरळ. बापाची कातडी ओल्या फडक्यासारखी फाटली. बाप ओणवा झाला, गुडघ्यावर आला, मग पालथा. मी मारत राहिलो. लोक "शाब्बास" म्हणाले. "पोरगं बापाच्या वर निघालं," कुणी तरी म्हणालं.

इथंच मी आजवर खोटं बोललो. मालकाची भीती होती, हे खरं. पण ते शाब्बास मला गोड लागलं. मालक "बास" म्हणाल्यावरही मी एक मारला. त्या एका फटक्याला मालक जबाबदार नाही.

आईचं ढोलकं शेवटपर्यंत घुमत होतं.

घरी तिनं बापाच्या पाठीवर हळद भरली. मी तिला विचारलं, "तू थांबली का न्हाईस?" ती हळद भरत राहिली. मी तिच्याशी बोलणंच सोडलं. ती मरेपर्यंत तुसडेपणानं वागलो. मारणारा मी, आणि राग वाजवणारीवर.

दुसऱ्या दिवशी मी विळ्यानं माझी जट कापली. कातडीसकट निघाली. ती मालकाच्या उंबऱ्यावर टाकली आणि उभा राहिलो. गड्यांनी मला तुडवलं, दोन दात गेले. त्याच दिवशी आम्ही गाव सोडलं. बापानं माझ्या बोडक्या डोक्यावरून हात फिरवला. देवीला सोडलेल्याची जट मी कापली आणि काही झालं नाही. वीज पडली नाही, कुणी मेलं नाही. तेव्हा कळलं, भ्यायचं होतं ते माणसांना.

पुढं धाराशिवात हमाली केली, लग्नात-मयतात हलगी वाजवली. म्हातारपणी ताई भेटल्या. ताई नाच शिकवायच्या. पण हा नाच वेगळा. गाणं नाही, घुंगरू नाही, नटणं नाही. पोरं जमिनीवर पडायची, लोळायची, एकमेकांच्या खांद्यावर चढायची. "ह्याला नाच म्हनत्यात व्हय? फिट आल्यावानी करत्यात," मी म्हणालो. ताई हसल्या, "बाबा, तुम्ही फक्त हलगी धरा." धरली. आणि मग सुटेना. रिक्षा चालवणारा एक पोरगा, वीटभट्टीवर वाढलेली एक पोर, दवाखान्यात झाडणारी एक बाई, ऊसतोडीला जाणारे दोघं. यांना कुणी नाचणारे म्हणालं नसतं. आपलं अंग फक्त ओझं उचलायला नसतं, हे त्यांना तिथं कळलं.

ताईंची एक रीत होती. नाच सुरू व्हायच्या आधी प्रत्येकानं माईकवर आपली पार्श्वभूमी सांगायची. कुठून आलो, काय भोगलं. लोक डोळे पुसायचे. सर्वांत जास्त टाळ्या मला. मी कोरडा घेऊन उभा राहायचो आणि बापाची गोष्ट सांगायचो. अर्धी.

शीतल आमच्यात सर्वांत चांगली नाचायची. शिलाई करायची. सासर भूमचं. एकदा सरावात तिची टाच जमिनीवर पडली आणि मी हलगी थांबवली. तो ठेका शाळेत शिकून येत नाही.

"पोरी, पाय कुणी शिकवला?"

ती जवळ येऊन बसली. "आईनं. ती कलाकेंद्रात लावणीला नाचायची. सासरी सांगितलंय की आई अंगणवाडीत मदतनीस होती. बाबा, कुणाला बोलू नका."

"न्हाय बोलत," मी म्हणालो. हलगीवर हात ठेवून म्हणालो.

मग भूमचा कार्यक्रम आला. मंगल कार्यालय, पुढं सोफे, मधल्या सोफ्यावर पाहुणे, एका संस्थेचे अध्यक्ष. दुसऱ्या रांगेत शीतलचा नवरा, सासू, दीर. सासूनं शेजारणीला सांगितलेलं मी ऐकलं, "आमच्या सूनबाईचं हाय बगा आज."

सगळ्यांची पार्श्वभूमी झाली. शीतल माईकवर आली. "मी शीतल. मी शिलाई करते. मला नाचायला आवडतं." आणि मागं सरली.

पाहुणे म्हणाले, "एवढंच? बाकीच्यांचं कसं काळजाला भिडलं. हिचं काही दुःखबिःख नाही का?" लोक हसले. ताईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनाही काही माहीत नव्हतं, नुसतं सावरून घ्या म्हणून पाहिलं असेल.

मी माईक घेतला. लाज वाटून लपवलेली गोष्ट म्हणजे जटच, ती कापलीच पाहिजे, असं तेव्हा माझं मत होतं. पण जट माझी होती, मी कापली. ही दुसऱ्याची होती. आणि पुन्हा खरं सांगायचं तर, हॉल गप्प झाला होता आणि मला टाळी दिसत होती.

"लाज कशाची?" मी म्हणालो. "हिची आई कलाकेंद्रात नाचली. हिच्या पायात तिचंच रगत हाय."

कुणी टाळी वाजवली नाही. मागून एक शिट्टी आली. मग दुसरी. "मग होऊ दे की एक!" कुणीतरी ओरडलं. एक रुमाल मंचावर येऊन पडला.

शीतलनं माझ्याकडं पाहिलं. मालक उठला तेव्हा आईनं माझ्याकडं असंच पाहिलं होतं.

सावरायला म्हणून मी हलगी सुरू केली. नाच सुरू झाला की लोक विसरतील, असं वाटलं. पोरं मंचावर आली. तेवढ्यात तिचा नवरा पायऱ्या चढून वर आला. त्यानं तिची वेणी धरली आणि तिला खाली पाडलं. पोटात लाथ घातली. ती वळली, त्यानं पुन्हा घातली. आमच्या नाचात पडणं, ओढणं, फरफटणं असायचंच. लोकांना वाटलं, नाचातलंच आहे. कुणी तरी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनीही वाजवल्या.

मंचाच्या कडेला माझा कोरडा होता. नवऱ्यानं तो उचलला. त्याला मनगट कुठं माहीत? पूर्ण ताकदीनं मारला. पहिला खांद्यावर, दुसरा पाठीवर, तिसरा तोंडावर. "खानदान बाटवलंस," तो म्हणत होता, आणि मारत होता. शीतल ओरडली नाही. दोन्ही हात तोंडावर धरले, बोटांमधून रक्त आलं. मग रिक्षावाल्या पोरानं त्याला मागून धरलं आणि दोघंही मंचावरून खाली कोसळले.

दवाखान्यात डोळा वाचला. नजर गेली, डाव्या डोळ्याची.

नवऱ्यावर केस झाली, तारखा चालू आहेत. शीतल मुरुमला आईकडं राहते. गटातल्या एकानंही मला दोष दिला नाही. "तुम्ही चांगल्या मनानं बोललात बाबा," ताई म्हणाल्या. मला ते पुरलं. मी ते घट्ट धरून बसलो.

पुढचा कार्यक्रम धाराशिवात. पाहुणे दुसरे, सोफे तसेच. माझी पाळी आली तेव्हा पाहुणे मायेनं म्हणाले, "आजोबा, नुसतं सांगू नका. कोरडा मारून दाखवा की. खरा खरा. पोरांना कळू द्या आपली परंपरा."

रगत दाव. शब्द तेवढे गोड होते.

मी मंचावरून उतरलो, कोरडा त्यांच्या मांडीवर ठेवला. "घ्या. आधी सोताच्या पाठीवर मारा. रगत निघालं, की मग म्या मारतो."

ते कसनुसं हसले. हॉल हसला नाही. मी माईकवर जाऊन म्हणालो, "माझ्या बापाला मालकानं मारलं न्हाय. म्या मारलं. तुमच्या टाळ्या घेतल्या त्या चोरीच्या. आजपासून ह्या मंचावर कुणी बी पार्श्वभूमी सांगनार न्हाय. नाच बघायचा असंल तर बसा. दुःख बघायचं असंल तर घरी आरसा हाय."

काही लोक उठून गेले. पाहुणेही गेले. मागं ताई रडत होत्या. "बाबा, लोक आपल्याला त्यासाठीच बोलावतात हो."

"मग नका बोलावू म्हनावं."

त्या दिवशी पोरं अर्ध्या रिकाम्या हॉलपुढं नाचली. कोण ऊसतोडीचा, कोण भट्टीवरची, कुणाला माहीत नव्हतं. कुणी हळहळलं नाही. मी त्यांना असं नाचताना कधी पाहिलं नव्हतं.

मग मी मुरुमला गेलो. एसटीत सगळी माफी पाठ केली. मी तुझं गुपित फोडलं, दिलेला शब्द मोडला, पोरी मला माफ कर. पुन्हा पुन्हा घोकली.

शीतल दारात मशीनवर बसली होती. सुईत दोरा ओवत होती, मान तिरपी करून, उजवा डोळा सुईजवळ नेऊन. मला पाहून उठली. "या बाबा. बसा. आई, पाणी आण गं, बाबा आलेत."

मी बसलो. तोंड उघडलं. तिनं आधी विचारलं.

"बाबा, एक विचारू? तुम्ही बोललात त्याचं जाऊ द्या. ते आज ना उद्या बाहेर पडलंच असतं. पण तो मला मारत होता, तवा तुमची हलगी का थांबली नाही?"

मी वाजवत होतो. रिक्षावाला पोरगा त्याला घेऊन खाली पडेपर्यंत मी वाजवत होतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. वर लिहितानाही गाळलं, बघा.

माझ्या आईला मालकानं धमकावलं होतं, वाजीव म्हणून. मला कुणीही वाजीव म्हणालं नव्हतं.

पाठ केलेली माफी वेगळ्याच गुन्ह्याची निघाली. या गुन्ह्याची माझ्याकडं नव्हती. पाणी प्यालो, उठलो, स्टँडवर आलो. तिनं थांबवलं नाही.

मी पुन्हा मुरुमला जाणार आहे. हलगी घेऊन नाही, चांगल्या मनाचं गाठोडं घेऊन नाही. तिनं दार लावून घेतलं तर दाराबाहेर उभा राहून बोलेन. शेजारपाजार ऐकेल असं बोलेन. या वेळी माझी पार्श्वभूमी, पूर्ण. आईला जे विचारून मी तिला आयुष्यभर छळलं, ते मला विचारायचा तुझा हक्क आहे, पोरी. कुणी धाक घातला नव्हता. हात माझेच होते. हॉल बघत होता, म्हणून मी वाजवत होतो.

एवढंच बोलायचं होतं. ते अजून बोललेलो नाही.