तोकुजी-सान आणि बागेतलं पहिलं मात्सुताके

इथे जपानात, आमच्या विद्यापीठाच्या बागेत, माळी तोकुजी-सान पाइनच्या झाडांखाली झाडू मारायचे आणि आम्ही हसायचो. लोक अंगण झाडतात, हा बाबा रान झाडतो! पण ऐकतील तर शपथ. "पाइनची ही सुयांसारखी पानं उचलली की जमीन उपाशी राहते, आणि उपाशी जमिनीतच मात्सुताके उगवतं," म्हणायचे. बाग शंभर वर्षांची, पण ती घमघमणारी, महागडी अळंबी इथे कधी उगवली नव्हती.

त्यांना ती खायची नव्हती हो! बागेच्या संग्रहालयात, भुसा भरलेल्या लांडग्यामागे, वाळवलेल्या नमुन्यांची कपाटं आहेत. प्रत्येक नमुन्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर शोधणाऱ्याचं नाव. जुने प्रोफेसर, त्यांचे शिष्य, एकाची तर सासूसुद्धा! आपलंही नाव एका चिठ्ठीवर यावं, एवढंच म्हाताऱ्याला हवं होतं. आणि निवृत्तीआधीचा हा शेवटचा हंगाम.

आणि उगवलं की! एकच, पण कसं गलेलठ्ठ! त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून चहाच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवलं. आमचे संचालक कुसाकाबे सर दुपारी येईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं ठरवून गप्प बसले. तिथेच घात झाला.

नमुने चिकटवणाऱ्या इकुएला ते पुडकं दिसलं. या दिवसांत असं पुडकं म्हणजे कुणीतरी सगळ्यांसाठी आणलेली भेट. कुणी आणली म्हणून चौकशा करणं बरं दिसत नाही. तिने ते सरळ भातात घातलं.

अहाहा, काय तो वास! सरसुद्धा वेळेआधी हजर. हंगामातलं पहिलं खाताना पूर्वेला तोंड करून हसायचं, म्हणजे आयुष्य वाढतं, अशी इथली रीत. आम्ही चौघं पूर्वेच्या खिडकीकडे वळून खो खो हसलो. तोकुजी-सान सगळ्यात मोठ्याने. वर पुन्हा वाढून घेतलं.

"सर, हे तुम्हीच आणलंत ना? आता माझी गंमत बघा," म्हणत त्यांनी फ्रिज उघडला. "अरेच्चा, इथलं पुडकं कुठे गेलं?"

इकुएच्या हातातल्या जेवायच्या काड्या गळून पडल्या. "अगं बाई! ते तुमचं होतं?"

तोकुजी-सान मटकन खालीच बसले. "संपलं. गेलं माझं नाव. आणि मी मेल्यानेच दोनदा खाल्लं!" त्यांचे डोळे भरून आले.

"थांबा, देठाचं बूड!" इकुए किंचाळली. माती लागलेलं म्हणून तासून तिने ते केरात टाकलं होतं. तिने डबाच उपडा केला. चहाच्या चोथ्यात सापडलं: इवलासा तुकडा, माती आणि पाइनच्या सुया चिकटलेला.

सरांनी भिंग लावलं, मग नाक लावलं. "चालतंय की!" चिठ्ठी त्यांनी स्वतः लिहिली. मात्सुताके, या बागेतलं पहिलं. शोधणारा: तोकुजी मुराओका. उरलेला भाग: शोधणाऱ्याने खाल्ला.

"अहो सर, खाल्लं तर चौघांनी!" तोकुजी-सान म्हणाले.

"हो, पण चिठ्ठी तुमची आहे. तिच्यावर आमची नावं कशाला?"

तोकुजी-सान चिठ्ठीकडे बघतच राहिले. मग ताटात काही नसताना खिडकीकडे वळले आणि डोळे पुसत हसत सुटले.