पोपटानं टोचलेला पेरू

थांबा. तुम्हाला काय वाटलंय ते मला म्हाईत हाय. नकला करणारा पोरगा, वर कबुली द्यायला बसलाय, म्हंजे कुठल्यातर साहेबाच्या आवाजात फोन करून कुणाला तर गंडवलं असणार. न्हायतर एखाद्या पोरीच्या बापाचा आवाज काढला असणार. तर पहिलं मी केलंय, दुसरं करायचं धाडस झालं न्हाय. पण त्यातलं आज काय सांगायचं न्हाय. ते सांगून मी लई जणांकडनं फुकट चहा प्यालोय.

आज सांगणार हाय ते आजवर सांगितलेलं न्हाय. एकच माणूस सोडून. आणि तिला तर निम्मं सांगायची गरजच न्हवती — मी ते करत होतो तेव्हा ती समोरच बसलीती.

आम्ही मंगळवार पेठेतले. घरच्या म्हशी. वडील गेल्यावर दादानंच सगळं ओढलं. संध्याकाळी तो म्हशी घेऊन कट्ट्यावर येतो, गिऱ्हाईक ग्लास धरून थांबतं, दादा समोर धार काढून देतो, फेसासकट. दादा धार काढतो आणि मी लोकांच्या नकला काढतो. दादा म्हणायचा, देव बुद्धी वाटत होता तेव्हा हा मागं उभा राहून देवाचीच नक्कल करत होता.

पण पेठेत माझी एक पत हाय. अमल्यानं आवाज काढला की शब्दसुद्धा इकडचा तिकडं होत न्हाय, असं लोक मानतात. लग्नाच्या बैठकीत कोण काय बोललं, मतं मागायला आलेला काय कबूल करून गेला, ह्यावरनं वाद पडला की मला हाक येते. "अमल्या, कर बघू." मी करतो. वाद मिटतो. हे जरा ध्यानात ठेवा.

आता वहिनी. वहिनी जयसिंगपूरची. ती लग्न होऊन आली तेव्हा मी बारावीला आपटलो होतो आणि घरात मला कुणी 'जेवलास का' म्हणून पण विचारत न्हवतं. तिनं माझे व्हिडिओ काढायला सुरू केले. स्वतःचा मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवून. माझी नक्कल चुकली की फक्त तिला कळायचं. "भावजी, त्या मास्तरांची मान आधी हलते, शब्द मागनं येतो." बाकी सगळी नुसती हसायची. ती बघायची.

तिचा पोरगा शंभू. चार वर्षांचा झाला तरी हाक मारली की वळायचा न्हाय. किटल्यांची झाकणं ओळीनं लावायचा, एक झाकण सरकवलं की घर डोक्यावर. स्वतःहून शब्द न्हाय. पण म्हैस हंबरली की हुबेहूब तशीच हंबर, आणि मधनंच टीव्हीवरली एखादी जाहिरात, सुरासकट. मी म्हणायचो, हा माझी गादी चालवणार. सगळी हसायची. आई हसायची न्हाय. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं न्हाय — का आलतं?

ऑटिझम हाय असं कळलं आणि कट्ट्यावर ज्यानं त्यानं डॉक्टरकी चालू केली. एक म्हणाला, फवारलेल्या भाज्या. दुसरा म्हणाला, लस. कोण म्हणालं मोबाईलचा टॉवर, कोण म्हणालं सिझर. शेजारची काकू म्हणाली, ग्रहणात विळी हातात घेतली असंल. मी घरी येऊन एकेकाची नक्कल करून दाखवली, आणि त्या दिवसांत वहिनी पहिल्यांदा हसली. मला तेव्हाच एक कळलं होतं बघा. प्रत्येकजण असं कारण शोधत होता जे त्याच्या स्वतःच्या घरापासनं लांब पडंल.

माझं घर तेवढं जवळ होतं.

आता पेरूचं सांगितलंच पाहिजे. आमचा मामा राधानगरीकडचा. मी शाळेत गॅदरिंगला पहिला नंबर काढला तेव्हा तो खुशीत येऊन बोलून गेलता, "आक्का, हाच का गं तो? शाळेत घालायची वेळ आली तरी ह्याला स्वतःचा शब्द न्हवता. आपण बोललं की आपल्याच बोलण्याचं शेपूट आपल्याला परत द्यायचा. बुचं फिरवत बसायचा दिवसभर." पोपटाचं उष्टं खाल्लं की न बोलणारं पोर बोलतं, असं आमच्यात मानतात. म्हणून मामानं रानातनं पोपटानं टोचलेले पेरू आणून दिलते आणि आईनं ते मला चारलते. "इतकं खाल्लंस लेका, की सगळ्यांचा आवाज आला. तुझाच तेवढा राह्यला." मामा खो खो हसला. आईनं त्याच्या ताटात भाकरी टाकली, जरा आपटूनच, आणि विषय संपला. परत आमच्या घरात तो कधी निघाला न्हाय.

आणि शंभूचं कळल्यावर एका दुपारी मी बघितलं, आई मागल्या दारात बसून शंभूला पेरू चारत होती. चोचीनं टोचलेली बाजू अंगठ्याच्या नखानं अलगद काढून, बी झटकून, तेवढीच त्याच्या तोंडात. त्या हाताला ते काम नवीन न्हवतं. आईनं मला बघितलं. मी आईला बघितलं.

पुढं मोठ्या डॉक्टरांकडं गेलो. दादाला म्हशींमुळं जमलं न्हाय, म्हणून मी, आई, वहिनी आणि शंभू. डॉक्टर नक्कल करण्याजोगे होते. चष्मा कपाळावर सरकवायचे, दोनदा खाकरायचे, मग 'बघा' म्हणायचे. वहिनीनं एकच विचारलं, माझं काय चुकलं? त्यांनी चष्मा वर सरकवला. "बघा, चूक हा शब्द घरी ठेवून या. यात जनुकांचा वाटा मोठा असतो. एका जनुकाचा नाही, पुष्कळांचा, आणि ती दोन्हीकडून येतात. पोटात असताना घडणाऱ्या काही गोष्टींचाही भाग असू शकतो, त्यावर अजून शोध चालूच आहे. पण मोबाईल, लस, ग्रहण, आईचं वागणं, यातलं काही नाही." वहिनीनं पदर तोंडाला लावला. कित्येक महिन्यांत तिचे खांदे खाली आलेले मी तेव्हा बघितले.

मग डॉक्टर सहज विचारावं तसं म्हणाले, "वडिलांच्या घरात कुणी उशिरा बोललं होतं का? ऐकलेलंच परत परत बोलणारं?"

आई म्हणाली, "न्हाय. आमच्यात असलं कोण न्हाय."

मी तिच्या शेजारी बसलोतो. मांडीला मांडी लागून. जिनं मला पेरू चारून बोलतं केलं, तिनं मला शेजारी बसवून खोडून टाकलं. तुम्हाला कधी असं झालंय का, की तुम्ही हाय तिथंच हाय आणि तुमची आई म्हणतीया की असला कोण न्हाय? मला राग आला. पण तोंड उघडलं का? मी टेबलावरल्या प्लॅस्टिकच्या मेंदूकडं बघत बसलो. त्या रविवारी मला बघायला पावणं येणार होतं — हे सबब म्हणून सांगत न्हाय. होतं ते सांगतोय.

आणि तरी हे पण माझं पाप न्हवं. गप्प बसणारी पुष्कळ असतात. मी बोललो.

त्या संध्याकाळी दादा हात धुऊन सोप्यात बसला. आईनं सुरू केलं, डॉक्टर म्हणाले बाईकडनं येतं, आणि पोटुशी असताना ही मोबाईल बघत बसायची, त्यानं झालं. वहिनी म्हणाली, "असं म्हणालेच न्हाईत. दोन्हीकडनं येतं म्हणाले. मोबाईलचा संबंध न्हाय म्हणाले." आई आवाज चढवाय लागली. वहिनीनं चढवला न्हाय. तिला कशाला चढवायला लागतोय? तिच्या बाजूला मी होतो की. तिनं निवांत माझ्याकडं बघितलं.

दादा दमलेला. त्यानं पण माझ्याकडंच बघितलं. "अमल्या, तू होतास न्हवं? कर बघू."

मी उठलो. आईचा चष्मा घेतला आणि कपाळावर सरकवला. दोनदा खाकरलो. आवाज असा लागला की — खरं सांगतो, त्या क्षणाला मला आवाज बरोबर लागल्याचा आनंद झाला. शंभू कुणाच्या हाकेला बघत न्हाय, त्यानं झाकणं सोडून माझ्या तोंडाकडं बघितलं. आणि मी डॉक्टरांच्या आवाजात म्हणालो, "बघा, हे आईकडून आलंय."

एवढंच. वाद मिटला.

कुणी हसलं न्हाय. दादानं मान खाली घातली. वहिनी भांडंल असं मला वाटलं, निदान 'खोटं बोलतोय' तरी म्हणंल. पण तिला कळलं असणार, पेठेतली माणसं माझ्या गळ्यावर जेवढा विश्वास ठेवतात तेवढा तिच्या तोंडावर ठेवणार न्हाईत. नक्कल चुकली की फक्त तिला कळायचं, म्हणालो की मघाशी. ती माझ्या गळ्याकडं बघत राहिली. डोळ्यांकडं न्हाय, गळ्याकडं.

दुसऱ्या दिवशी दादा तिला आणि शंभूला जयसिंगपूरला सोडून आला. थोडे दिवस, डोकी शांत होऊ देत म्हणून. दिवाळी गेली, शिमगा गेला. रविवारचं पावणं आलतं. पोहे खाल्ले, शंभूचं विचारलं, आईनं सांगितलं, ते सुनेच्या माहेरचं. पावण्यांना ते पटलं. नकार आला तो वेगळ्याच कारणानं. पोरगा नुसत्या नकला करतोय, पोट कशावर भरणार?

आईनं मला फसवलं, हे मी लई दिवस घोकलं. घोकायला बरं वाटायचं. पण वहिनीला कुणी फसवलं? आईकडनं तिला काय अपेक्षाच न्हवती. तिनं मान वळवून बघितलं ते माझ्याकडं.

दादाला अजून म्हाईत न्हाय. तो अजून कट्ट्यावर सांगतो, "डॉक्टरच म्हणाले, अमल्या होता की तिथं." मी शेजारी उभा राहून ग्लास विसळतो. हे छापून आलं की कळंल त्याला. आधी तोंडानं सांगायला पाहिजे होतं. न्हाय सांगितलं.

गेल्या महिन्यात खरवस द्यायच्या निमित्तानं मी एसटीनं जयसिंगपूरला गेलतो. दुपारची वेळ. वहिनी चुलीपुढं भाकरी थापत होती. शंभू उंबऱ्यात बसून बाटल्यांची बुचं ओळीनं लावत होता. मी त्याच्यापुढं उकिडवा बसलो. त्यानं तोंडाकडं बघितलं न्हाय. पण हात कपाळावर नेला, दोनदा खाकरला, आणि स्वच्छ, एकेक अक्षर सुटं करत म्हणाला, "बघा, हे आईकडून आलंय."

अगदी माझा आवाज. म्हंजे डॉक्टरांचा. म्हंजे माझाच.

वहिनी मागं न वळता म्हणाली, "रोज म्हणतो. पहिलं अख्खं वाक्य हाय त्याचं."

मग मी तिला पेरूचं सांगितलं. मामाचं, बुचांचं, सगळं. ती ऐकत होती, आणि तव्यावरची भाकरी करपली. आजवर तिनं मला भावजी म्हटलंय, तुम्ही म्हटलंय. त्या दिवशी न्हाय म्हटलं.

"खरवस ठेव तिथं आणि डोळं पूस, मला बघायचं न्हाय ते. तुझ्या आईचं मला कळतंय. भ्याली ती. तुला कशाचं भ्या होतं रे? पोहे खायला येणाऱ्या पावण्यांचं? रोज सकाळी मी हे पोरगं उठवते आणि मनात एकच, हा मोठा होऊन बोलंल का, चार माणसांत बसंल का, ह्याला कोण आपल्यात घेईल का. कुणाला विचारू, कळत न्हवतं. आणि तू माझ्याच मोबाईलवर, माझ्याच समोर उभा राहून अख्ख्या पेठेला हसवत होतास. शंभूसारखाच एक पोरगा एवढा झालाय, हे मला एकदा सांगितलं असतंस तर मी पेढे वाटले असते. तेवढं पण तू मला दिलं न्हाईस. आता उठ, गाडी चुकंल. आणि जाताना त्याच्यासमोर काय बोलू नको. तो सगळं ठेवतो."