भिंतीवरचा त

शाळेच्या सभागृहात, क्रुसाच्या बरोबर खाली, वीतभर उंचीच्या निळ्या अक्षरांत प्रार्थनेच्या तीन ओळी होत्या आणि पहिल्याच ओळीत चूक होती. 'देवा, आम्हाला वात दाखव' असं तिथं लिहिलेलं होतं. लिहायचं होतं 'वाट'. पुढच्या दोन ओळी चोख होत्या: 'आमचा हात धर, आणि जो मागे राहील त्याच्यासाठी थांब.' पासष्ट वर्षं पहिली ते चौथीची मुलं हात जोडून देवाकडे वात मागत आली होती आणि देवानं एकदाही तक्रार केली नव्हती.

उलट त्या चुकीतून एक रीतच निघाली होती. शाळेच्या पहिल्या दिवशी मुख्याध्यापिका सिस्टर वेदीजवळची मेणबत्ती पेटवत आणि पहिलीच्या एकेका मुलाला जवळ बोलावून दाखवत, "ही बघ वात." प्रार्थनेत मागायची ती वस्तू मुलानं निदान बघितलेली तरी असावी, एवढाच त्यामागचा हिशेब. रडून डोळे सुजलेलं पोरही त्या ज्योतीसमोर क्षणभर गप्प व्हायचं.

चूक कुणाची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शाळा काढणाऱ्या मोठ्या सिस्टर परदेशातून आलेल्या. पन्नाशी उलटल्यावर इथली भाषा शिकल्या, पण त्यांच्या जिभेला ट काही वळला नाही. टोपीला तोपी म्हणत, टाचणीला ताचणी. त्यांनी सांगितलं तसं भिंतीवर उतरलं, एवढी साधी गोष्ट. आणि ही गोष्ट सगळ्यांत खुलवून कोण सांगत असेल तर पेंटर. तोही याच शाळेत शिकलेला. आता साठीला टेकला होता, तरी चहाच्या दुकानात बसला की डोक्यावर रुमाल टाकून मोठ्या सिस्टरांची नक्कल करायचा: "मुलानो, वात चुकू नका, नाहीतर ताळकं फुतेल!" ऐकणारे पोट धरून हसत. त्याची बायको तेवढी म्हणायची, "मेलेल्या माणसाची टिंगल करू नये हो." पण बायकोचं ऐकायचं असतं तर तो पेंटर कशाला झाला असता!

त्याचे वडील, म्हणजे थोरले पेंटर, या नकलेला कधी हसले नाहीत. नक्कल सुरू झाली की ते उठून ब्रश धुवायला जात, कधीकधी आधीच धुतलेले. थोरल्या पेंटरांचं अक्षर म्हणजे छापील. कोर्टाच्या दारापासून दवाखान्याच्या पाटीपर्यंत सगळीकडे त्यांचा हात दिसे, आणि त्यांनी आयुष्यात एक वेलांटी चुकवली नाही अशी त्यांची ख्याती होती. मुलाच्या दुकानावर आजही पाटी होती: 'थोरले पेंटर आणि चिरंजीव'. चिरंजीवांना जे काम मिळे ते निम्मं त्या पहिल्या दोन शब्दांवर. दर सुट्टीत शाळेची भिंत नव्यानं रंगवायची तेव्हा बापलेक दोघं जात, पण प्रार्थनेला मुलानं ब्रश लावलेला त्यांना खपत नसे. "या ओळी माझ्या," म्हणत. ते गेल्यावर अकरा वर्षं त्या ओळींना कुणी हात लावला नव्हता.

यंदा वरून पत्र आलं. धर्मप्रांताची एक समिती सगळ्या शाळांना भेट देणार होती. पत्रात प्रश्न होता: 'आपल्या शाळेची कॅथलिक ओळख व वारसा कशात दिसतो? पुराव्यासह लिहावे.' आणि तळाला सूचना होती: 'सभागृहातील प्रार्थनेतील अशुद्ध लेखन भेटीपूर्वी दुरुस्त करावे.'

मुख्याध्यापिका सिस्टर नव्या होत्या, सहा महिन्यांपूर्वीच आलेल्या. त्यांनी पेंटरला बोलावलं. "त चा ट करायचा. दिवसभराचंही काम नाही."

"करतो की," पेंटर म्हणाला. "मोठ्या सिस्टरांची जीभ अखेर आपण सरळ केली म्हणायची."

सिस्टर हसल्या नाहीत. "हो, चूक आमचीच," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो शिडीवर चढला. रंगाचे थर इतके जाड झाले होते की त्यावर नवं अक्षर बसलंच नसतं. त्यानं पात्यानं तेवढा तुकडा खरवडायला घेतला. एकेक वर्ष पापुद्र्यासारखं गळत गेलं आणि शेवटी पहिला थर आला, चुन्यात मुरलेला फिकट निळा. तोही निघाला तेव्हा उंच खिडकीतून ऊन तिरपं भिंतीवर पडलं होतं. त्या उन्हात त्याला एक खाच दिसली. गिलावा ओला असताना कुणीतरी सुताराची जाड पेन्सिल दाबून अक्षर काढलं होतं. शिसं पुसलं गेलं होतं, पण दाब राहिला होता. पेंटरनं त्यावरून बोट फिरवलं. वरून उतरणारी छोटी रेघ, खाली गोल पोट, उजवीकडे दांडा नाही.

ट होता.

त्यानं शेजारचा 'वा' खरवडला, पुढचा 'दा' खरवडला. तेच परदेशी वळणाचं, जपून काढलेलं अक्षर. मोठ्या सिस्टरांनी अख्खी प्रार्थना स्वतः भिंतीवर लिहून दिली होती आणि अचूक लिहून दिली होती. बोलताना जीभ अडायची, हात अडला नव्हता. त्यावर रंग भरणाऱ्यानं ट चा त केला होता. आणि रंग भरणारा कोण, हे पेंटरला कुणी सांगायची गरज नव्हती.

तो शिडीवरून उतरला आणि पहिलीच्या बुटक्या बाकावर बसला. आधी त्याला बापाचा संताप आला. चूक झाली तर झाली, पण एका म्हाताऱ्या बाईच्या नावावर खपवून छापील अक्षराचा तोरा जन्मभर मिरवायचा? मग स्वतःची नक्कल आठवली, तो रुमाल आठवला आणि त्याचे कान तापले. भिंत अजून उघडी होती. दोन हात रंग दिला की ट पुन्हा झाकला जाणार होता. कुणाला काही कळलं नसतं, आणि थोरले पेंटर थोरलेच राहिले असते.

पण तो उठून थेट मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेला. "सिस्टर, भिंतीवर ट आहे. खाली. आधीपासून."

त्यांनी चष्मा काढला. "खरवडलंत वाटतं."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांनी कपाटातून एक जाड, कडा खाल्लेली वही काढली. शाळेची रोजनिशी. भाषा पक्की व्हावी म्हणून मोठ्या सिस्टर ती मुद्दाम इथल्या भाषेत लिहीत. सिस्टरांनी पान काढून त्याच्यापुढे सरकवलं.

'आज भिंत पुरा झाला. पेंटर मुलगा चांगली आहे, वय अठरा. एक अक्षर त्याच्या बाहीने पुसला. मग त्याने खालच्या ओळीतला 'हात' बघून दुसरा घातला. त्याला वाचता येत नाही. हे कोणाला माहीत नाही. माहीत झाले तर त्याला काम कोण देणार? उद्यापासून तो शाळा सुटल्यावर पहिलीच्या वर्गात बसेल. भिंतीची चूक माझ्या जिभेची आहे, असे सर्वांना सांगावे.'

पेंटरनं ते दोनदा वाचलं. अडाणी! ज्याच्या अक्षराच्या लोक शपथा घेत, तो माणूस अठराव्या वर्षी अक्षरांची नुसती चित्रं काढत होता. आणि त्याला पाटी-पेन्सिल धरायला शिकवणाऱ्या बाईची त्याच्याच मुलानं चाळीस वर्षं नक्कल केली होती.

सहा महिन्यांनंतरच्या पानावर आणखी चार ओळी होत्या. 'पेंटर आज प्रार्थना स्वतः वाचला. खूप रडला. म्हणतो, सर्वांना खरे सांगतो. मी म्हटले, तुझे लग्न ठरते आहे, आता गप्प बस. त्याने शपथ मागितली की भिंत नेहमी तोच रंगवेल. मी हो म्हटले.'

"पान उलटा," सिस्टर म्हणाल्या.

पाठीमागे सह्या होत्या. एकाखाली एक नऊ सह्या, वेगवेगळ्या शाईच्या. प्रत्येकीपुढे तारीख आणि दोन शब्द: 'वाचले. मान्य.' शेवटची शाई ताजी होती.

"किल्ल्या हातात घेण्याआधी ही सही करायची असते," सिस्टर म्हणाल्या. "बाकी शाळा त्यानंतर."

पेंटर देवाधर्माच्या बाबतीत हातचं राखून वागणारा माणूस. नाताळला चर्चमध्ये गेला तरी शेवटच्या रांगेत उभा राहायचा. पण त्या नऊ सह्यांपुढे त्याच्या अंगावर काटा आला. नऊ बायका, त्यातल्या कितीजणींनी थोरल्या पेंटरांना पाहिलंही नसेल, आणि एका गरीब पोराची लाज त्यांनी हातोहात पुढे नेली होती. लोक हसले की "हो, चूक आमचीच" म्हणत राहिल्या होत्या. एवढी मोठी गोष्ट आपण रोज ज्या भिंतीसमोर उभे होतो तिच्यात होती, याचं त्याला भय वाटावं इतकं नवल वाटलं. त्याला वही बंद करता येईना. शेवटी सिस्टरांनीच ती हळूच ओढून घेतली.

"ट करा," त्या म्हणाल्या. "आणि हे इथंच ठेवा."

समिती आली त्या सकाळी भिंतीवर ट होता, निळा आणि तुकतुकीत. तीनशे मुलं प्रार्थनेला उभी राहिली, भिंतीकडे बघितलं आणि एका आवाजात म्हणाली, "देवा, आम्हाला वात दाखव." समितीतले वयस्कर फादर खळखळून हसले. "भिंत सुधारली, पण तुमच्या मोठ्या सिस्टरांची जीभ काही मुलांच्या तोंडातून जात नाही!"

"हो फादर," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "चूक आमचीच—"

"नाही."

रंगाच्या डब्याशेजारी उभा असलेला पेंटर पुढे आला. बोलायची सवय होती ती नकलांची. "चूक माझ्या वडिलांची. सिस्टरांनी बरोबर लिहिलं होतं. माझ्या वडिलांना वाचता येत नव्हतं. या शाळेनं त्यांना शिकवलं आणि त्यांची चूक स्वतःच्या नावावर घेतली. मी चाळीस वर्षं हसत होतो. तेही चुकीच्या माणसाला."

पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं मान वर केली. "एवढे मोठे होऊन पहिलीत बसले?"

"बसले," पेंटर म्हणाला. "गुडघे बाकात मावत नसतील."

मुलं हसली आणि त्यालाही हसू आलं, डोळे पुसता पुसता. फादरांनी हातातला प्रश्नांचा कागद दुमडून खिशात घातला आणि ते भिंतीकडे बघत राहिले.

मुलं वर्गात गेल्यावर सिस्टर त्याच्याजवळ आल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "पासष्ट वर्षं सांभाळलं होतं आम्ही, पेंटर. का सांगितलंत?"

"फार दिवस वाहिलंत, सिस्टर," तो म्हणाला. "माझा बाप आहे. आता मला द्या."